आंब्याच्या वर्गात वांगं, काजू मात्र पलीकडच्या वर्गात

जुलै २०२४ मध्ये माद्रिदला जगभरचे वनस्पतिशास्त्रज्ञ जमले आणि त्यांनी मतदान करून दोनशेहून अधिक जातींच्या नावांतलं ‘काफ्रा’ काढून त्याजागी ‘आफ्रा’ आणलं. आफ्रिकेतल्या काळ्या माणसांना शिवी म्हणून वापरला गेलेला शब्द झाडाच्या नावात नको, हे कारण कुणालाही पटेल. पण आपल्या बाभळीनं कुणाचं काय बिघडवलं होतं? कॉलेजात ‘अकेशिया’ म्हणून पाठ केलेली बाभूळ हल्लीच्या पुस्तकांत ‘वाचेलिया’ झाली आहे आणि ज्याच्यापासून कात करतात तो खैर ‘सेनेगालिया’. कोकणात रस्त्याकडेला लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ मात्र आजही अकेशियाच. घरचीचं नाव गेलं आणि पाहुणीकडे राहिलं, म्हणून झाडं ओळखणाऱ्या मंडळींत अधूनमधून त्रागा चालतो.

हा त्रागा समजून घ्यायचा तर अडीचशे-तीनशे वर्षं मागं जावं लागतं. त्या काळातल्या निसर्ग-अभ्यासकांनी सजीवांचे गट पाडले तेव्हा त्या गटांना ‘नातं’ म्हणावं की नुसतं ‘साम्य’, हेच कुणाला नक्की ठाऊक नव्हतं. तरीही त्यांचे बरेचसे गट आज टिकून आहेत. मला या सगळ्यात सर्वांत नवलाचं वाटतं ते हेच.

गट पाडणं सोपं, कशावरून पाडायचे ते अवघड

लग्नाच्या हॉलमध्ये तीनशे पाहुणे बसले आहेत आणि तुम्हाला त्यांचे गट पाडायचे आहेत. आचाऱ्याला विचाराल तर तो उपासाचे, जैन, मधुमेहवाले असे गट सांगेल. दारात फेटे बांधणारा रंगावरून सांगेल. फोटोग्राफर मात्र ‘मुलीकडचे मामा या, आता आत्या या’ असं पुकारेल. तिन्ही गट खरेच आहेत, पण प्रत्येकामागचा प्रश्न निराळा आहे.

जुन्या ग्रंथांतही असंच दिसतं. चरकसंहितेत खाण्याच्या संदर्भात प्राण्यांचे आठ गट केले आहेत. त्यांतल्या ‘प्रसह’ गटात, म्हणजे अन्न हिसकून खाणाऱ्यांत, गाय, उंट, सिंह आणि घुबड शेजारी शेजारी बसतात. आज हसू येईल, पण वैद्याचा प्रश्न कुणाचं मांस कुणाला मानवतं हा होता. त्याला गाय आणि सिंह यांच्या पूर्वजांशी काही घेणं नव्हतं. सुश्रुतसंहितेत झाडांचे चार प्रकार आहेत: फूल न दिसता फळ धरते ती वनस्पती, फूल आणि फळ दोन्ही येतं तो वृक्ष, वेली-झुडपं ती वीरुध आणि फळ पिकलं की मरते ती ओषधी. उंबर पहिल्या प्रकारात गेला, कारण त्याची फुलं फळासारख्या दिसणाऱ्या गोळ्याच्या आत दडलेली असतात. निरीक्षण चोख होतं, फक्त ते डोळ्याला दिसलं तिथं थांबलं.

ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलनं प्राण्यांचे रक्त असलेले आणि रक्त नसलेले असे दोन ढोबळ भाग केले आणि डॉल्फिन हवेत श्वास घेतो, पिलांना दूध पाजतो म्हणून त्याला माशांपासून वेगळा काढला. त्याचा शिष्य थिओफ्रास्टस वनस्पतींची मोठी झाडं, झुडपं, छोटी झुडपं आणि मऊ खोडाची रोपटी अशी विभागणी करी. अलेक्झांडरच्या स्वारीतून आलेल्या माहितीवरून त्यानं फांद्यांतून मुळं सोडणाऱ्या आपल्या वडाचंही वर्णन करून ठेवलं आहे.

गोव्यातला वैद्य, कोचीनमधले भट

सोळाव्या शतकात जहाजं वाढली आणि युरोपच्या अभ्यासकांपुढे नव्या झाडांचा ढीग पडला. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये भारतात आला आणि पुढं गोव्यात राहिला. मुंबईचं बेटही काही काळ त्याच्याकडे भाडेपट्ट्यानं होतं. १५६३ मध्ये गोव्यातच छापलेल्या त्याच्या ग्रंथात औषधी द्रव्यांवर संवाद आहेत. त्यात बिब्बा आहे, आंबा आहे. काजू नाही. तो ब्राझीलहून पोर्तुगीजांबरोबर आला आणि ओर्ताच्या पानांत शिरायला त्याला उशीर झाला. ओर्तानं झाडांची घराणी लावली नाहीत. कोणतं द्रव्य खरं, कोणतं भेसळीचं आणि कशावर चालतं, एवढंच त्याला हवं होतं.

शंभरेक वर्षांनी डच अधिकारी हेन्ड्रिक व्हान ऱ्हीड यानं मलबारच्या वनस्पतींवर १२ खंडांचा ‘हॉर्टस मलबारिकस’ तयार करवून घेतला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापला गेला. त्यात केरळच्या इट्टी अच्युतन वैद्यांचं ज्ञान आहे, तसंच रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट या तीन कोकणी वैद्यांचंही. त्यांचं १६७५ चं कोकणीतलं साक्षपत्र नागरी लिपीत पहिल्या खंडात छापलेलं आहे. पुढं ज्या माणसानं जगभरच्या झाडांना नावं दिली तो भारतात कधीच आला नाही. मलबारच्या झाडांसाठी त्याचा मोठा आधार हेच खंड होते.

लिनेयसचं गणित: पुंकेसर मोजा

तो माणूस म्हणजे स्वीडनचा कार्ल लिनेयस, जन्म १७०७. त्याच्या आधी झाडाचं शास्त्रीय नाव म्हणजे लॅटिनमधलं एक अख्खं वाक्य असे. कुणाला नवीन झाड सापडलं की जुन्या झाडाचं वाक्य आणखी लांबायचं. लिनेयसनं १७५३ मध्ये सुमारे सहा हजार वनस्पतींना दोन शब्दांची नावं दिली. पहिला शब्द प्रजातीचा, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचा, आणि दुसरा त्या जातीचा. आंबा ‘मँजिफेरा इंडिका’ झाला तो तेव्हापासून.

नावाची पद्धत टिकली. वर्गांची पद्धत मात्र गेली. फुलातल्या नराच्या भागाला पुंकेसर म्हणतात. लिनेयसनं फुलझाडांचे वर्ग प्रामुख्यानं पुंकेसरांच्या संख्येवरून आणि मांडणीवरून पाडले आणि बिनफुलांच्या वनस्पतींचा एक वर्ग धरून एकूण २४ वर्ग केले. वर्गाच्या आतले भाग स्त्रीकेसरांवरून. ही सोय जबरदस्त होती. नुकता शिकायला लागलेला पोरगाही भिंग घेऊन मोजायचा आणि अनोळखी झाडाचा वर्ग सांगायचा.

पण निकाल काय लागला पाहा. आंबा पाच पुंकेसरांच्या वर्गात बसला. त्याच वर्गाच्या त्याच भागात वांगं, धोतरा, कण्हेर आणि कॉफी. काजू गेला दहा पुंकेसरांच्या वर्गात, कडुनिंब आणि बहाव्याच्या शेजारी.

देवगड-रत्नागिरीकडच्या कुणालाही विचारा. आंबा काढताना देठाचा चीक तोंडाला लागला की चट्टे उठतात. काजूच्या टरफलाचं तेल हाताला लागलं की कातडी सोलते. आणि बिब्बा उतला की काय होतं ते ज्याच्या अंगावर उतला त्यालाच माहीत. तिघांच्याही चिकात एकाच घराण्यातली दाहक रसायनं आहेत. फळाची रचना पाहिली तरी तिघं जवळचे निघतात. म्हणजे काजू सोलणाऱ्या बाईच्या बोटांना जे कळत होतं ते पुंकेसर मोजून हाती लागत नव्हतं.

हे लिनेयसला कळत नव्हतं असं समजू नका. आपली पद्धत कृत्रिम आहे, झाड शोधून काढण्याची सोय आहे, हे त्यानं स्वतःच म्हटलं होतं. खरी, ‘नैसर्गिक’ मांडणी शोधणं हे वनस्पतिशास्त्राचं अंतिम काम आहे असं तो मानी आणि तिचे तुकडे त्यानं मांडूनही पाहिले. शाळेच्या पुस्तकात त्याची जी मूर्ती उभी केलेली असते तिच्यापेक्षा हा शंकाखोर लिनेयस मला जास्त आवडतो.

एका खुणेऐवजी अनेक खुणा

‘नैसर्गिक’ म्हणजे काय, याची व्याख्या कुणाकडेच नव्हती. पण वाट सापडली ती अशी, की एकाच अवयवावर भिस्त ठेवायची नाही. मिशेल ॲडान्सन हा फ्रेंच अभ्यासक काही वर्षं सेनेगलमध्ये राहिला. तिथली झाडं युरोपात बसून केलेल्या चौकटींत मावेनात, हे त्यानं पाहिलं आणि १७६३ मध्ये अनेक लक्षणं एकत्र तोलून वनस्पतींची कुलं मांडली. कुल म्हणजे प्रजातींचा मोठा गट. (मुंबई-वसईकडे जुन्या गोरखचिंचा आहेत, त्यांच्या प्रजातीचं ‘ॲडान्सोनिया’ हे नाव याच माणसावरून, आणि ते दिलं लिनेयसनं.) आंत्वान-लॉरां द जुस्यू यानं १७८९ मध्ये शंभर गटांची मांडणी छापली. सगळी लक्षणं सारख्या तोलाची नसतात, बीजातल्या दलांची संख्या पानाच्या आकारापेक्षा मोलाची, हा त्याचा मुद्दा. त्याच्या मांडणीत आंबा आणि काजू एका घरात आले.

ही घराणी रक्ताची आहेत असं जुस्यू म्हणत नव्हता. त्या काळच्या बहुतेकांच्या समजुतीप्रमाणे जाती जशा निर्माण झाल्या तशाच चालत आलेल्या होत्या. मग दोन जाती ‘जवळच्या’ म्हणजे काय? कुणी म्हणे निर्मात्याच्या योजनेत शेजारी. कुणी म्हणे दगडापासून माणसापर्यंत एकच शिडी आहे, तिच्या लगतच्या पायऱ्या. फ्रान्सचा ब्यूफाँ तर म्हणे की निसर्गात रेषा नाहीतच, रेषा आपण ओढतो.

दख्खनच्या पक्ष्यांवर पाचाची जादू

व्याख्या नसली की डोकं कुठं कुठं जातं, याचा मासला आपल्याकडेच आहे. १८१९ मध्ये विल्यम मॅक्ली या इंग्रज कीटक-अभ्यासकानं सांगितलं की निसर्गातला प्रत्येक गट वर्तुळाकार असतो आणि त्यात पाच उपगट असतात. त्या प्रत्येकात पुन्हा पाच. निकोलस व्हिगर्सनं हे पक्ष्यांना लावून त्यांचे पाच गण केले: शिकारी, फांदीवर बसणारे, जमीन उकरणारे, चिखलपाण्यात चालणारे आणि पोहणारे.

दख्खनची पाहणी करणाऱ्या कर्नल साइक्सनं इथल्या पक्ष्यांची यादी १८३२ मध्ये लंडनला छापली, ती याच पाच गणांत. व्हिगर्सच्या मांडणीत रुंद जबड्याचे म्हणून वेडा राघू, भिंगरी-पाकोळी, रातवा आणि खंड्या एका टोळीत होते. पाचवी जागा टोडी या कॅरिबियन बेटांवरच्या छोट्या पक्ष्यांच्या कुलानं भरली होती. आज पाहिलं तर यातलं काही बरोबर निघतं, काही साफ चूक. वेडा राघू आणि खंड्या खरोखर जवळचे, रातवा आणि पाकोळीही. पण भिंगरी आणि पाकोळी, ज्या आपण उडताना एकच समजतो, त्या फार दूरच्या आहेत. भिंगरी चिमणी-बुलबुलांच्या गोतावळ्यातली. पाकोळीचं नातं अमेरिकेतल्या हमिंगबर्डशी. दोघी उडता उडता किडे टिपतात, म्हणून पंख सारखे झाले.

पाचाची जादू फार टिकली नाही. ह्यू स्ट्रिकलंडनं १८४० च्या सुमारास सरळ म्हटलं की निसर्ग असा घोटून सारखा केलेला नसतो, आधी आकृती ठरवून मग पक्षी तिच्यात कोंबू नका. पण या वर्तुळवाल्यांनी एक भेद मात्र पक्का मांडून ठेवला. सारख्या राहणीमुळे आलेलं साम्य वेगळं आणि रचनेच्या मुळाशी असलेलं साम्य वेगळं. खऱ्या नात्याची कसोटी दुसरं. ते विक्षिप्त होते म्हणून त्यांना हसून सोडून देणं मला पटत नाही.

मग डार्विननं नवीन काय सांगितलं?

डार्विननं गट नव्यानं पाडले, असा एक समज आहे. फारसे नाही. १८५९ च्या त्याच्या ग्रंथात एकच आकृती आहे, फांद्या फुटत जाणाऱ्या वंशाची. ती जुन्या गटांवर ठेवली की ते गट तसे का, याचं उत्तर मिळतं.

जातीवर प्रजाती, प्रजातीवर कुल, कुलावर गण, अशी घरात घर असलेली मांडणी का जमते? सगळ्या वस्तूंची अशी जमत नाही. लिनेयसनं दगड-खनिजांनाही तिसरं राज्य म्हणून याच साच्यात बसवलं होतं, स्फटिकाच्या आकारावरून. ती मांडणी कोलमडली. खनिजाला आईबाप नसतात, म्हणून त्यांच्यात गटाच्या आत गट आपोआप तयार होत नाहीत. सजीवांत होतात, कारण एका पूर्वजाच्या दोन शाखा होतात, त्यांच्या पुन्हा शाखा होतात आणि प्रत्येक शाखा आपल्या खुणा पुढं नेते. फोटोग्राफरनं मामे-आत्ये वेगळे उभे केले होते, आता वंशावळीचा कागद सापडला.

लिनेयसलाही एकदा या कडेवर उभं राहावं लागलं होतं. १७४२ मध्ये उप्साला विद्यापीठाच्या एका विद्यार्थ्याला टोडफ्लॅक्स नावाच्या रानफुलाचं विचित्र रोप मिळालं. रोप तेच, पण फूल निराळंच. नेहमीच्या दोन ओठांच्या फुलाऐवजी चारी बाजूंनी सारखं, पाच शेपट्यांचं. लिनेयसनं त्याला ‘पेलोरिया’ म्हणजे राक्षस म्हटलं. जाती बदलत नाहीत असं लिहिलेल्या माणसाच्या हातात बदललेलं फूल आलं होतं. पुढं त्यानं संकरातून नव्या जाती होत असाव्यात असं मांडलं. १९९९ मध्ये या फुलाचं कोडं सुटलं: त्यातलं एक जनुक जसंच्या तसं आहे, फक्त रासायनिक खुणांनी बंद पडलेलं.

देवमासा मासा आहे की नाही, हे कोर्ट ठरवणार?

‘शास्त्रज्ञांनी काहीही म्हणावं, व्यवहारात काय फरक पडतो?’ हा आक्षेप जुनाच आहे. लिनेयसनं १७३५ मध्ये देवमाशाला माशांत ठेवलं होतं आणि १७५८ मध्ये सस्तन प्राण्यांत हलवलं. साठ वर्षांनी, १८१८ मध्ये, न्यूयॉर्कमध्ये यावरून खटला उभा राहिला. मत्स्यतेलाच्या पिंपांची तपासणी करून शुल्क घ्यायचं, असा कायदा होता. एका व्यापाऱ्यानं देवमाशाच्या तेलावर ते द्यायला नकार दिला. निसर्गतज्ज्ञ सॅम्युअल मिचिल यांनी साक्ष दिली की देवमासा मासा नव्हे. ज्यूरीनं थोड्याच वेळात निकाल दिला: मासाच. पुढं कायद्यातून ते तेल वगळावं लागलं, ही गोष्ट वेगळी. आज डीएनएवरून देवमाशाचा सर्वांत जवळचा जिवंत नातलग पाणघोडा ठरतो. न्यूयॉर्कच्या ज्यूरीला हे सांगितलं असतं तर काय झालं असतं कोण जाणे.

मग बाभळीचं नाव का गेलं?

आजचा नियम असा आहे की गटात एकाच पूर्वजाची सगळी संतती असावी, आणि त्या संततीतलं कुणी बाहेर राहू नये. डीएनए वाचता येऊ लागल्यावर जुनी मोठी ‘अकेशिया’ प्रजाती या नियमात बसेना. तिच्यात वेगवेगळ्या शाखा एकत्र कोंबल्या होत्या. आपली बाभूळ एका शाखेतली, खैर दुसऱ्या, ऑस्ट्रेलियातल्या हजाराच्या आसपास जाती तिसऱ्या.

फोड झाली की जुनं नाव कुणाकडे राहतं? प्रत्येक प्रजातीसाठी एक नमुना-जाती ठरलेली असते, ती जिकडे जाईल तिकडे नाव जातं. अकेशियाची नमुना-जाती बाभूळच होती. म्हणजे नियमानं नाव आपल्याकडे राहायला हवं होतं आणि ऑस्ट्रेलियातल्या सगळ्या जातींची नावं बदलायला हवी होती. मोठी उलथापालथ नको, या कारणानं नमुना-जातीच बदलून ऑस्ट्रेलियन घ्यायचं ठरलं, २००५ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञांच्या व्हिएन्नाच्या अधिवेशनात. आफ्रिका आणि भारतातल्या अनेकांना ते रुचलं नाही. २०११ मध्ये मेलबर्नला तोच निर्णय कायम झाला. तेव्हा गट फुटला तो शास्त्रामुळे, पण नाव कुणी ठेवायचं ते मतांनी ठरलं. त्रागा करायचाच तर दुसऱ्या गोष्टीवर करा, पहिलीवर नको.

आणि डीएनए नेहमी जुन्या नजरेला दुजोराच देतो असंही नाही. कमळ आणि कुमुद तळ्यात शेजारी फुलतात, लिनेयसनं दोन्ही एकाच प्रजातीत ठेवली होती. आता कमळाचं जवळचं नातं निघालं आहे ते काश्मीरच्या चिनाराशी. कुमुद तर फुलझाडांच्या अगदी जुन्या, वेगळ्या फांदीवर आहे. चिखलात राहून दोघांनी सारखी पानं-फुलं घडवली आणि आपण फसलो.

नातं कळून मिळतं काय?

मूळचे नंदुरबारचे रसायनशास्त्रज्ञ मनसुख वाणी आणि त्यांचे अमेरिकन सहकारी मन्रो वॉल यांनी कॅन्सरवर उपयोगी ठरलेली दोन द्रव्यं झाडांतून वेगळी काढली. एक टॅक्सॉल, पॅसिफिक यू या झाडाच्या सालीतून. साल काढली की झाड मरायचं आणि औषध मिळायचं थोडंसं. तोडगा निघाला तो त्याच प्रजातीतल्या युरोपीय यू झाडाच्या पानांतून. त्यातलं जवळचं रसायन घेऊन प्रयोगशाळेत टॅक्सॉल बनवता आलं, आणि पानं पुन्हा येतात. इथं नात्यानं वाट दाखवली.

दुसरं द्रव्य कॅम्पटोथेसिन, १९६६ मध्ये एका चिनी झाडातून मिळालेलं. वंशावळ बघून शोध घेतला असता तर त्याच्या सोयऱ्यांकडे गेलो असतो. पुढं ते भरपूर सापडलं ते सह्याद्रीतल्या नरक्या नावाच्या झाडात, ज्याचा त्या चिनी झाडाशी जवळचा संबंध नाही. नरक्याची लाकडं त्यामुळे इतकी तोडली गेली की कोकणच्या आणि घाटमाथ्याच्या जंगलांत वनखात्याला त्याच्या चोरट्या वाहतुकीवर लक्ष ठेवावं लागतं.